व्यावसायिक मायक्रोवेव्ह: तीन पाळ्या, बारा हात आणि एक दार

रात्रपाळी (धागाकर्ती) – सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. तीन पाळ्या, सहा माणसं, आणि उशिरा येणाऱ्यांना जेवण गरम करून द्यायला एक मायक्रोवेव्ह. पहिला घरगुती होता. आठ महिन्यांत त्याने मान टाकली. वॉरंटीचं विचारायला गेले, तर घरगुती यंत्र धंद्याच्या जागी वापरलं म्हणून त्यांनी हात वर केले. तशी अट कागदावर छापलेली होती.

मग १८०० वॉटचा व्यावसायिक घेतला. आतून सगळा स्टीलचा, फिरती थाळी नाही, तळाला पांढरी सिरॅमिकची पाटी, पुढे आकड्यांची बटणं. जागा मोठ्या तळणीच्या शेजारी मिळाली. त्यालाही आता दीड वर्ष झालं आणि माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकते आहे. गर्दीच्या वेळी कुणी बटण दाबून यंत्र थांबवत नाही, सरळ दार ओढतात. साफसफाई कुणाची, यावर रोज तोंडातोंडी. आणि गेला महिनाभर जेवण कडेला कढत, मधे गार असं होतंय, म्हणून पोरं वेळ वाढवत चालली आहेत.

मला भिंतीवर लावायला एक कागद करायचा आहे. पाच-सात ओळींचा, नव्या माणसाला पहिल्या दिवशी कळेल असा. त्यात काय असायलाच हवं? दार ओढण्याने खरंच काही बिघडतं, की मी उगाच ओरडते?


कढईचा_कान – सोमवार, रात्री ११.५८

उगाच नाही. ओरडत राहा.

आणि कागदावर पहिली ओळ ही लिहा: रिकामा चालवायचा नाही. आमच्याकडे एकाने "आतला ओलावा जाऊ दे" म्हणून तीन मिनिटं रिकामाच चालवला होता. आत लहरी शोषून घ्यायला काही नसलं की ती ऊर्जा परत मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागावरच, जाते आणि तो तापतो. बटणं शिकवायची असतील तरी आत एक मोठा पेला पाणी ठेवून शिकवा.


सोल्डरगन – मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, मी ही यंत्रं दुरुस्त करतो, म्हणून दाराबद्दल जरा सविस्तर लिहितो.

दाराच्या कडीमागे साधारण तीन छोटे स्विच असतात. दोन स्विच दार उघडलं की वीज तोडतात. तिसरा पहारेकरी. पहिल्या दोघांपैकी एखादा बंद स्थितीत चिकटून बसला आणि दार उघडलं गेलं, तर हा तिसरा मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. म्हणजे दार उघडं असताना यंत्र चालूच शकू नये, अशी ती रचना आहे.

आता बटण न दाबता दार ओढलं की काय होतं? पूर्ण प्रवाह वाहत असताना स्विचचे संपर्क वेगळे होतात. तिथे बारीक ठिणगी पडते. एकदा पडली तर काही नाही. रोज शेकडो वेळा पडली की संपर्काचा पृष्ठभाग जळतो, खडबडीत होतो आणि एक दिवस चिकटतो. मग फ्यूज जातो. थांबवायचं बटण आधी दाबलं, तर वीज रिले, म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच, तोडतो आणि दाराच्या स्विचवर तो भार येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. असा फ्यूज उडाला आणि कुणी नुसता फ्यूज बदलून यंत्र चालू केलं, तर चिकटलेला स्विच तसाच आत राहतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली मी दोनदा पाहिली आहे. तार घातली की पहारेकऱ्याचा गळाच दाबला. अशा यंत्रासमोर माझ्या घरच्या माणसाला मी उभं राहू देणार नाही.


बोका_बसला – मंगळवार, सकाळी ९.०२

सोल्डरगन, आदर ठेवून असहमत. व्यावसायिक यंत्र सतत उघडझाप होणार हे धरूनच बनवतात. दाराला बटणसुद्धा नसतं, नुसती ओढायची मूठ असते. ओढायचं नसतं तर मूठ दिली कशाला? गर्दीत माणूस एका हाताने ताट धरून दुसऱ्या हाताने बटण शोधणार का? न पाळला जाणारा नियम कागदावर आला की त्याच्याखालचे पाळण्यासारखे नियमही कुणी वाचत नाही. माझा अनुभव आहे.


सोल्डरगन – मंगळवार, सकाळी ९.४०

बोकाभाऊ, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. कागद लहानच हवा.

पण हिशोब करून बघा. दिवसाला २५० वेळा दार उघडलं तर वर्षाला ९१,२५० वेळा. मूठ, बिजागरी, स्प्रिंग यांना ते झेपतं, त्याबद्दल वाद नाही. मी बोलतोय ते चालू यंत्राचं दार ओढण्याबद्दल. त्याला साधा उपाय म्हणजे वेळ बरोबर लावणं. पोरं दार मधेच ओढतात, कारण लावलेली वेळ जास्त असते. यंत्र आपोआप थांबलं तर बटणही नको आणि ठिणगीही नको.

दार आपटणं मात्र बंदच करा. कडीचं प्लॅस्टिक तुटतं, दार तिरकं होतं. उघड्या दारावर जड भांडं टेकवणंही तसंच वाईट.


तिसरी_शिट्टी – मंगळवार, सकाळी १०.२०

"वेळ बरोबर लावणं" हे घरगुतीवरून व्यावसायिकवर आलेल्या माणसाला जमत नाही, कारण हातात जुन्या वेळा बसलेल्या असतात. आम्ही साधा गुणाकार शिकवला: वॉट गुणिले सेकंद. १००० वॉटवर ३ मिनिटं लागत असतील तर १८०० वॉटवर १ मिनिट ४० सेकंद. तिथून सुरुवात करायची आणि चाखून, मोजून पक्की करायची.

दोन ताटं एकदम ठेवली तर जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, हेही सांगा. गॅसवर मोठं पातेलं ठेवलं की ज्योत मोठी करता येते. इथे ज्योत ठरलेलीच आहे, ती सगळ्यांत वाटली जाते.


अणुरेणू – मंगळवार, सकाळी ११.०५

कडेला कढत, मधे गार, याचं थोडं विज्ञान सांगतो, कारण "मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो" हा समज अजून फिरतोय. तसं होत नाही. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी पाणीदार पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत शिरताशिरता बऱ्याचशा संपतात. त्यापुढे आत जाते ती साधी उष्णता, शेजारून शेजारी, आपल्या गतीने. म्हणून जाड गोळा मधे गार राहतो. पसरट भांडं, मधे खळगा, अर्ध्या वेळेला ढवळणं आणि शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवणं, या सगळ्याचा उद्देश तोच आहे: उष्णतेला आत पोचायला वेळ देणं.

शिवाय यंत्राच्या आत लहरी भिंतींवर आपटून काही जागी जोर धरतात, काही जागी मावळतात. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, त्यामुळे गरम-गार ठिपके साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर येतात. घरगुती यंत्रात त्यासाठी थाळी फिरते. व्यावसायिकात थाळीऐवजी छतात किंवा तळात धातूचा पंखा फिरतो, तो लहरींनाच ढवळतो.

गोठलेल्या पदार्थाची गोष्ट वेगळी. बर्फ या लहरी फार कमी शोषतो, पाणी भरपूर. कडेचा थोडा बर्फ वितळला की सगळी ऊर्जा त्या पाण्याकडे धावते. कड उकळते, मधे दगड तसाच. म्हणून गोठलेलं पूर्ण ताकदीवर कधीच नाही. कमी ताकदीवर, मधेमधे विसावा देत.


वाफाळ – मंगळवार, दुपारी १.३०

माझा डावा तळहात बघितला तर अजून डाग दिसतो. गुळगुळीत काचेच्या पेल्यात पाणी तापवलं होतं, एकही बुडबुडा नव्हता. "तापलंच नाही" म्हणून पुन्हा लावलं. बाहेर काढून चमचाभर कॉफी टाकली आणि अख्खा पेला हातावर उसळला.

पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं दिसत नाही, असं होतं. बुडबुड्याला जन्मायला खरखरीत जागा लागते, नव्या काचेत ती नसते. आता मी पाण्यात लाकडी काडी ठेवल्याशिवाय तापवत नाही आणि थांबल्यावर अर्धा मिनिट हात लावत नाही. ताई, ही ओळ कागदावर घ्याच. मोठ्या वॉटच्या यंत्रात हे फार पटकन होतं.


शब्दफुले – मंगळवार, दुपारी २.१०

वाफाळ, वाचून अंगावर काटा आला. हात आता बरा आहे ना?

माझ्याकडून एक भर: झाकण उघडताना ते आपल्याकडून पलीकडे उचलायचं. वाफ तोंडावर येत नाही.


वाफाळ – मंगळवार, दुपारी २.१५

हो, आता ठीक आहे. धन्यवाद.


तिसरी_शिट्टी – मंगळवार, दुपारी ३.००

आमच्याकडची एक मुलगी गरोदर आहे. ती यंत्राजवळ जायलाच घाबरते. कुणीतरी तिला सांगितलं, की मोबाइल आत ठेवून दार लावा आणि फोन करा, वाजला तर यंत्र गळतंय. आमचा वाजला! आता काय?


अणुरेणू – मंगळवार, दुपारी ३.४५

ती चाचणी विसरा. मोबाइल अतिशय क्षीण संकेतही पकडतो आणि बऱ्याचदा वेगळ्याच वारंवारितेवर चालतो. त्याच्यापुरते संकेत बंद दारातून जातातच. त्यावरून गळतीचं माप निघत नाही.

दारात गळती अडवणारं रबर असतं, असंही अनेकांना वाटतं. खरी अडवणूक दोन गोष्टींनी होते. काचेतली जाळी: तिची भोकं एक-दोन मिलिमीटरची, लहर १२ सेंटिमीटरची, ती त्यातून नीट जाऊच शकत नाही. आणि दाराच्या कडेत एक खाच असते, लहरीच्या पाव लांबीची, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर. फटीतून निसटू पाहणारी लहर त्या खाचेत शिरून परतते आणि येणाऱ्या लहरीला मारते. दार तिरकं झालं किंवा कडेवर अन्नाचा थर बसला की ही मोजमापं बिघडतात. सोल्डरगन दार आपटू नका म्हणतात, ते याचसाठी.

अमेरिकेच्या नियमात यंत्राच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर मर्यादा अशी आहे: नवं यंत्र विकण्याआधी दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट, नंतर आयुष्यभर ५ मिलिवॉट. दूर गेलं की हे झपाट्याने घटतं. अर्ध्या मीटरवर ते ५ सेंटिमीटरवरच्या मापाच्या शंभराव्या भागापर्यंत येतं. या लहरी अणू फोडणाऱ्या नाहीत आणि यंत्र थांबल्यावर अन्नात किंवा डब्यात काही मागे उरत नाही. त्या मुलीला हे शांतपणे समजावा. तरीही तिला हातभर लांब उभं राहायचं असेल तर राहू द्या, त्यात काही बिघडत नाही. आणि दार वाकडं, काच तडकलेली किंवा कडी सैल दिसली तर यंत्र कुणासाठीच चालू ठेवू नका. तपासणीच्या मापकाने गळती मोजून घ्या.


स्वच्छ_ओटा – मंगळवार, सायंकाळी ६.२०

ताईंनी लेखात एक वाक्य सहज लिहून टाकलंय आणि सगळे त्यावरून पुढे गेले: "जागा मोठ्या तळणीच्या शेजारी मिळाली."

मी वीस वर्षं मोठ्या स्वयंपाकघरांची साफसफाई पाहते आहे. व्यावसायिक मायक्रोवेव्ह थंड हवा आत ओढतो, बहुधा पुढून खालच्या बाजूने, आणि गरम हवा मागे सोडतो. आत ओढताना वाटेत एक जाळी असते, हवेची गाळणी. तळणीजवळ ठेवलात की तो तेलकट वाफ ओढतो. दोन आठवड्यांत जाळीवर चिकट थर, त्यावर पीठ, धूळ. महिन्यात नमदा तयार. मग पंखा कितीही फिरला तरी आत वारा जात नाही आणि मॅग्नेट्रॉन भाजून निघतो. ताई, ही जाळी तुम्ही शेवटची कधी धुतली? बहुतेकांना ती असते हेच माहीत नसतं.

जाळी आठवड्याला एकदा काढायची, कोमट साबणपाण्यात धुवायची, पूर्ण वाळवून परत बसवायची. तिच्याशिवाय यंत्र चालवायचं नाही.

आता आतलं. आत छताला एक पांढरी पाटी असते, स्टररचं, म्हणजे लहरी ढवळणाऱ्या पंख्याचं झाकण. तिच्यावर उडालेलं अन्न कुणाला दिसत नाही, कारण वर कुणी बघत नाही. ते पुन्हापुन्हा तापून कोळसा होतं. कोळसा वीज वाहून नेतो, तिथे ठिणग्या उडू लागतात आणि पाटीला भोक पडतं. रोज रात्री वाडग्यात पाणी आणि लिंबाची फोड घालून तीनेक मिनिटं वाफ होऊ द्या, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग मऊ ओल्या फडक्याने छत, भिंती, पाटी, दाराची आतली बाजू आणि कड पुसा. दोन मिनिटांचं काम आहे. तारेची घासणी नको, भट्टी साफ करायचं जळजळीत द्रावण नको. फवारा यंत्रावर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. हवेच्या झरोक्यांतून पाणी आत गेलं तर ते विजेपर्यंत पोचतं.

"साफसफाई कुणाची" या भांडणावर आमचा तोडगा: ज्याची पाळी संपते, तो यंत्र पुसून देतो. येणारा छताकडे बघून ताबा घेतो. घाण दिसली तर ताबा घ्यायचा नाही. आठवड्यात भांडणं थांबली.


कढईचा_कान – मंगळवार, सायंकाळी ६.३५

छताकडे बघून ताबा, हे फार आवडलं. उद्यापासून आमच्याकडेही. वाचनखूण साठवली.


शिळोपा – मंगळवार, रात्री ८.००

सगळे यंत्राला जपताय, जेवणाऱ्यालाही जपूया. मी आहारशास्त्र शिकवते.

"पोरं वेळ वाढवत चालली आहेत" हे वाचून मला काळजी वाटली. वेळ वाढवून कड अजून कढत होते, मधला भाग गारच राहू शकतो. शिळं अन्न पुन्हा गरम करताना मधोमध ७४ अंश सेल्सिअस हवं. हाताला ताट गरम लागणं हे माप नव्हे, कारण ताटाची कड आणि अन्नाचा गाभा यांचा काही संबंध नसतो. टोकदार सुईचा अन्नाचा थर्मामीटर घ्या. गाभ्यात दोन-तीन जागी खुपसून बघा, प्रत्येक वेळी सुई पुसून.

दुसरं, "गरम केलं की सगळं मरतं" हे अर्धसत्य आहे. भात तासन्‌तास कोमट पडून राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि एक विष तयार करतो. जिवाणू नंतर मेला तरी ते विष उकळूनही जात नाही. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न रेंगाळू द्यायचं नाही. शिजलेलं पसरट भांड्यात लवकर गार करा, शीतकपाटात ठेवा आणि मगच मायक्रोवेव्हचा विचार करा. आदल्या रात्री झालेली चूक मायक्रोवेव्ह दुसऱ्या दिवशी दुरुस्त करू शकत नाही.

बाळाचं दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, बाटली कोमट लागते आणि आत एखादा घोट पोळण्याइतका गरम असतो. धाग्याशी थेट संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.


सोल्डरगन – मंगळवार, रात्री ९.१०

शिळोपाताईंचं वाचून सुचलं. ताई, कागदाचं नंतर बघू. आधी यंत्राची नाडी बघा. पाणी, भांडं, घड्याळ आणि तोच थर्मामीटर, एवढंच लागतं.

प्लॅस्टिकच्या मोठ्या, मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात बरोबर १ लिटर नळाचं पाणी घ्या. ढवळून तापमान लिहा. पूर्ण ताकदीवर ६० सेकंद. लगेच ढवळून पुन्हा तापमान लिहा. जेवढे अंश वाढले, त्याला ७० ने गुणा. येतात ते वॉट. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८६ जूल लागतात, ते ६० सेकंदांत वाटले की ७० आकडा येतो.

१८०० वॉटच्या निरोगी यंत्रात २४-२५ अंश वाढले पाहिजेत. भांडं आणि हवा थोडी उष्णता खातात, तेवढी घट चालेल. तेव्हा त्या वायरिंगवर दुसरं मोठं उपकरण चालू नको, कारण विजेचा दाब पडला की ताकदही पडते.


जुनी_पाटी – मंगळवार, रात्री १०.२५

अवांतर, पण सांगतोच. घरगुती यंत्र आधी आलं आणि मोठं नंतर, असं आपल्याला वाटतं. उलट आहे. ज्या मॅग्नेट्रॉनबद्दल तुम्ही बोलताय, त्याची रडारसाठी उपयोगी पडलेली रचना बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० मध्ये केली. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे होते आणि खिशातली चॉकलेटची वडी वितळली. त्यांनी मग मक्याचे दाणे समोर ठेवून लाह्या फोडून पाहिल्या. १९४७ मध्ये 'रेडारेंज' विक्रीला आला: माणसाएवढा उंच, सुमारे ३४० किलोचा, थंड ठेवायला पाण्याचा नळ जोडावा लागे. तो मोठ्या स्वयंपाकघरांसाठीच होता. घराच्या ओट्यावर मावेल असं यंत्र लोकांपर्यंत पोचायला १९६७ उजाडलं.

म्हणजे ताई, तुमचं यंत्र खऱ्या थोरल्या पातीचं आहे!


रात्रपाळी (धागाकर्ती) – बुधवार, पहाटे ५.३०

रात्रीची गर्दी सरल्यावर चाचणी केली. आधी २२ अंश, नंतर ३५. तीनदा केली. १३, १३, १२.

१३ गुणिले ७० म्हणजे ९१०. सोल्डरगन दादा, हे अर्धंच झालं ना? आवाज तर नेहमीचाच आहे, आत दिवाही लागतो.

जाळीचं काय सांगू, स्वच्छ_ओटा ताई. पुढची खालची पट्टी काढली तर मागे जाळी आहे हे हाताला लागल्यावर कळलं. बोटाने खरवडल्यावर भोक दिसलं.


सोल्डरगन – बुधवार, सकाळी ६.५०

बरोबर अर्धं. १८०० वॉटच्या बऱ्याच यंत्रांत दोन मॅग्नेट्रॉन असतात, प्रत्येकाचं ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) वेगळं. एक गेला तरी दुसरा चालू राहतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, घड्याळ उतरतं, आणि अन्नाला निम्मी ताकद मिळते. पोरांनी वेळ वाढवली त्याचं मूळ हे असावं. चालू असलेल्या मॅग्नेट्रॉनलाही तीच कोंदट हवा मिळतेय, तेव्हा आजच यंत्र बंद करा, प्लग काढा आणि अधिकृत मेकॅनिकला बोलवा. चाचणीचे आकडे त्याला सांगा, त्याचा निम्मा वेळ वाचेल.


बोका_बसला – बुधवार, सकाळी ८.१५

मेकॅनिक चार दिवस येत नाही, हा सगळीकडचा अनुभव. मी पंखे, मिक्सर घरी उघडतो. मागचं कव्हर काढून नुसती वायर निघालीय का बघायला काय हरकत आहे? प्लग काढलेलाच असणार.


सोल्डरगन – बुधवार, सकाळी ८.२२

बोकाभाऊ, नको. हात जोडून सांगतो.

प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर भरलेला असू शकतो. मॅग्नेट्रॉनला हजारो व्होल्ट लागतात, ते साठवण्यात याचा वाटा असतो. मिक्सरचा झटका लागला तर माणूस हात झटकतो. हा झटका छातीतून गेला तर माणूस उठत नाही. कपॅसिटरमध्ये भार उतरवणारा रोधक असतो, पण तो निकामी झालाय की नाही हे बाहेरून दिसत नाही. आम्हीसुद्धा आधी तो रिकामा करून, मोजून, मगच हात घालतो. घरातल्या ज्या वस्तू कव्हर काढल्यावर जीव घेऊ शकतात, त्यात ही फार वर येते.


बोका_बसला – बुधवार, सकाळी ८.३०

हे माहीत नव्हतं. मागे घेतो. मागच्या वर्षी घरचा उघडला होता, आता विचार करून घाम फुटला. धन्यवाद.


तिसरी_शिट्टी – बुधवार, सकाळी १०.००

आगीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. या यंत्रांत आकड्याचं एक बटण दाबलं की आधी भरून ठेवलेला कार्यक्रम लगेच सुरू होतो. आमच्या नव्या मुलाला वाटलं, ८ दाबलं म्हणजे ८ सेकंद. ८ वर मोठ्या भांड्यातल्या सूपचा कार्यक्रम होता आणि आत होता एकच पाव. दीड-दोन मिनिटांत काळा धूर, मग ज्योत.

त्याने दार उघडलं नाही, हे आमचं नशीब. थांबवायचं बटण, मग भिंतीवरचा स्विच, मग प्लग. दार बंद असलं की आतली हवा संपते आणि ज्योत विझते. उघडलं असतं तर ताजी हवा मिळून ज्योत बाहेर आली असती. पूर्ण गार होईपर्यंत आम्ही तिथे उभे होतो. त्यानंतर बटणांवर चिकटपट्टी लावून कोणता आकडा कशाचा ते लिहिलं.


अणुरेणू – बुधवार, सकाळी १०.४०

तिसरी_शिट्टी, त्या मुलाला शाबासकी द्या. घाबरलेल्या माणसाचा हात पहिला दाराकडेच जातो.

भांड्यांचंही इथेच लिहितो. सोनेरी-चंदेरी कड असलेली बशी, फॉइलचा तुकडा, तार गुंडाळलेली पिशवी नको, ठिणग्या पडतात. मेलामाइन नको. तेलातुपाचा पदार्थ पाण्यापेक्षा बराच जास्त तापतो, म्हणून पातळ प्लॅस्टिकचा डबा पाण्याला टिकला तरी तेलाला वितळतो. घट्ट झाकण, कवचासकट अंडं, न टोचलेला अख्खा बटाटा, सगळं वाफेने फुटतं.


कढईचा_कान – बुधवार, दुपारी १२.१०

विजेचंही बघून घ्या, ताई. १८०० वॉट ही अन्नाला मिळणारी ताकद. यंत्र भिंतीतून ओढतं ती ३००० वॉटच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टवर १३ अँपिअर. त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. आमचा बोर्ड मऊ झाला होता, वास आला म्हणून वाचलो.


रात्रपाळी (धागाकर्ती) – पुढचा सोमवार, रात्री ११.१५

मंडळी, उशीर झाला, माफ करा. मेकॅनिक शुक्रवारी आला.

दोनपैकी एक मॅग्नेट्रॉन गेलेला होता. दुसऱ्याच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पंखांवर तेलाची साय बसली होती, ती साफ केली. दाराचा एक स्विच काढून दाखवला, संपर्क काळे पडले होते. अजून चिकटला नव्हता. तोही बदलला. यंत्र तळणीपासून उचलून पलीकडच्या भिंतीला नेलं, मागे आणि वर मोकळी जागा सोडून. तिथे स्वतंत्र वायर ओढून घेतली.

आज चाचणी केली. २२ वरून ४६. २४ अंश, १६८० वॉट. सहाही जणांना बोलावून त्यांच्यासमोर केली. त्यांनी स्वतः थर्मामीटर धरला, स्वतः गुणाकार केला. काळा पडलेला स्विचही हातात दिला. त्यानंतर दार ओढण्याबद्दल मला एकदाही बोलावं लागलेलं नाही. बोकाभाऊ, तुमचंही मनावर घेतलं: वेळा नव्याने बसवल्या, त्यामुळे मधेच ओढायची गरजच कमी झाली.

कागद सहा ओळींचा झाला. रिकामा नाही. आधी थांबवा, मग उघडा. अर्ध्यात ढवळा, मधोमध ७४. पाण्यात काडी. आग दिसली तर दार बंद, प्लग बाहेर. पाळी संपली की छत पुसा, सोमवारी जाळी धुवा. कपॅसिटरचं कागदावर घेतलं नाही, ते यंत्राच्या मागच्या कव्हरवरच मोठ्या अक्षरांत चिकटवलं: उघडू नका.


स्वच्छ_ओटा – पुढचा सोमवार, रात्री ११.३२

वा! एकच सुचवते. जाळी धुतल्यावर वाळेपर्यंत यंत्र बंद राहतं, म्हणून दुसरी जाळी घेऊन ठेवा. नाहीतर घाईत कुणीतरी ओलीच बसवेल.


सोल्डरगन – पुढचा सोमवार, रात्री ११.४०

१६८० उत्तम. तो आकडा आणि तारीख यंत्राच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा आणि दर महिन्याला खाली नवा लिहा. १४०० च्या खाली गेला की मला इथे हाक मारा.


रात्रपाळी (धागाकर्ती) – पुढचा सोमवार, रात्री ११.४४

लिहिला. दुसरी जाळीही मागवते.